अडगळीतला कोबाल्ट

विद्यापीठे आणि अणुसुरक्षा यांच्या इतिहासात 2010 सालचे मार्च-एप्रिल हे दोन महिने फार बोलके आहेत. मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने विद्यापीठांचे अणुसुरक्षा शिक्षणासाठीचे जाळे उभे राहिले. 13 एप्रिलला वॉशिंग्टनच्या परिषदेत पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी अशाच शिक्षण-संशोधनासाठी भारतात केंद्र उभारण्याची घोषणा केली. त्याच सुमारास दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारातली माणसे किरणोत्सर्गाच्या जखमा घेऊन रुग्णालयात दाखल होत होती.

माग काढता काढता तपास दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागापाशी येऊन थांबला. कॅनडाहून आणलेले गॅमा किरणांचे यंत्र तिथे 1985 पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारीत ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले आणि आतला कोबाल्ट-60 उघडा पडला. हा कोबाल्ट साधारण सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. चाळीसेक वर्षांनंतर, हिशेबाने, त्याचा शंभरावा हिस्साही उरला नसणार. तरीही एकाचा मृत्यू झाला.

इथे चोरी नव्हती, घातपातही नव्हता. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने विद्यापीठाला नियमभंगाची नोटीस बजावली. स्रोत कोणाच्या ताब्यात आहे आणि काम संपल्यावर तो कुठे जाणार, ही नोंद पिढ्या बदलल्या तरी टिकली पाहिजे. अणुसुरक्षेचा अभ्यासक्रम विद्यापीठाने आधी स्वतःच्या कोठारातच शिकायला हवा.