पडद्यावरचं मरण

चिंचवडच्या चापेकर चौकातून जाताना नजर आपोआप पुतळ्यांकडे वळते. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. प्लेग कमिटीचा प्रमुख रँड. त्याच्या हुकमानं गोरे शिपाई घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभातून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याच्यावर गोळी झाडली गेली. लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. रँड ३ जुलैला गेला. पुढे दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघे सख्खे भाऊ व त्यांचे साथी महादेव रानडे येरवड्यात फासावर गेले.

या घटनेवर नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ मध्ये चित्रपट केला. नाव ठेवलं '२२ जून १८९७'. नुसती तारीख! मला हे नाव फार आवडतं. त्या तारखेत मारणारे आहेत, मरणारे आहेत, आणि ज्याच्याशी कुणाचं वैर नव्हतं तो आयर्स्टही आहे. न्याय कुणाला द्यायचा, हे प्रेक्षकानं ठरवावं.

पण तेव्हा घटनेला ८२ वर्षं झाली होती. जखम ओली असेल तर? १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. त्यावरचा 'ब्लॅक फ्रायडे' २००४ मध्ये तयार झाला. खटला अजून चालू होता. निकालाआधी पडदाच निकाल देईल, म्हणून आरोपी न्यायालयात गेले आणि प्रदर्शन थांबलं. अखेर २००७ च्या फेब्रुवारीत चित्रपट लागला. तो पाहताना अंधारात मी पडद्याकडे कमी, शेजारच्यांच्या चेहऱ्यांकडे जास्त पाहत होतो. माझ्या नावाच्या माणसाला ही सवय लागते. शेवटी पडद्यावर आधीच्या दंगलीही आल्या, तेव्हा जरा श्वास सुटला. अर्धंच दुःख दाखवणं हेही एक प्रकारचं खोटंच.

८ डिसेंबर २०२३ ला आमच्या तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. कामावरच्या बायका होरपळून गेल्या. काही महिन्यांनी एक तरुण माझ्याकडे आला. या आगीवर लघुपट करायचा होता, त्याला गाणं हवं होतं. मी विचारलं, "बाळा, त्यांच्या घरी जाऊन आलास का?" तो म्हणाला, "सर, बातम्यांची कात्रणं आहेत सगळी."

कात्रणांत आग असते. सकाळी डबा भरून निघालेली बाई नसते. "आधी त्या उंबऱ्यांवर जा," मी म्हणालो. "ते नको म्हणाले, तर कॅमेरा पेटीत ठेव. हो म्हणाले, तर त्या कशा जगत होत्या तेही विचार. मग गाणं लिहीन, पैसे नकोत."

तो अजून परतलेला नाही. गेला असेल, कुणी नको म्हटलं असेल. तसं असेल, तर त्याचा न झालेला चित्रपटही मला मोठाच वाटेल.