बाहुली, सूत्र आणि अन्योन्याश्रय

तत्त्वज्ञानाच्या माणसांना संगणकावरच्या ॲनिमेशनशी काय देणंघेणं, असं विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल. पण कोपरखैरण्यात आपल्या आसपास हे काम शिकणारी मुलं आहेत, आणि त्यांचं एक गाऱ्हाणं आपल्या शास्त्राच्या अंगणातलंच आहे. पात्राच्या हातात पेला द्यावा, तर तो उडून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातो. मग मूल रात्रभर त्या पेल्यात चूक शोधत बसतं. आपलं म्हणणं एवढंच, की चूक पेल्यात नसते, हात आणि पेला यांच्या संबंधात असते. आणि संबंधांच्या दोषांचा विचार आपल्याकडे बराच जुना आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. आगकाड्या किंचित हलवायच्या, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायच्या. तिथे कुठल्याच काडीला दुसरीचा पत्ता नाही. सगळे संबंध करणाऱ्याच्या डोक्यात. याच्या नेमकं उलट उदाहरण आपल्या कोकणात आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा हे नाव बऱ्याच शहरी मंडळींनी पहिल्यांदा ऐकलं. इथे संबंध दोऱ्यातच असतो. दोरा ओढू शकतो, ढकलू शकत नाही; उरलेलं काम बाहुलीचं वजन करतं. कुठला दोरा कुठे बांधला, किती सैल ठेवला, यावर नाच ठरतो. याला आपण ‘लोककला’ म्हणून मोकळे होतो, ते आम्हाला पटत नाही. हे यंत्रशास्त्रच आहे, फक्त ते हातात आहे, पुस्तकात नाही.

पुस्तकात ते आलं १९६३ला. अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड या विद्यार्थ्याने ‘स्केचपॅड’ नावाचा कार्यक्रम पीएचडीसाठी लिहिला. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने वेड्यावाकड्या रेघा काढायच्या आणि मग अटी सांगायच्या: या दोन समांतर, या दोन सारख्या लांबीच्या. यंत्र आकृती त्या अटींत बसवून द्यायचं. वस्तू आणि तिच्यावरची अट वेगवेगळी साठवायची, ही कल्पना तिथे ठळकपणे पुढे आली. आजच्या सॉफ्टवेअरमधले ‘कन्स्ट्रेंट’, म्हणजे बंधनं, याच कल्पनेच्या कुळातली. आपली मुलं वापरतात ते ब्लेंडर नेदरलँड्समधल्या टॉन रोसेंडाल यांनी सुरू केलेलं. २००२ साली लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि ते सर्वांना खुलं झालं. म्हणून तर ते फुकट मिळतं.

आता त्या पेल्याकडे येऊ. त्याची जागा दृश्याच्या मूळ बिंदूपासून मोजलेली असते. ‘चाइल्ड ऑफ’ हे बंधन लावलं की तेच आकडे हातापासून मोजले जातात. म्हणजे ‘स्टेशनातून बाहेर पडून उजवीकडे’ असा पत्ता सांगावा आणि ऐकणाऱ्याने दुसऱ्या बाजूने बाहेर पडावं, तसं झालं. शब्द बरोबर, माणूस भलतीकडे. ‘सेट इन्व्हर्स’चं बटण हा फरक वजा करतं आणि पेला जागेवर राहतो. न्यायशास्त्र अशा वेळी पहिला प्रश्न विचारतं, की हे कशाच्या अपेक्षेने म्हणताय?

दुसरी गोष्ट क्रमाची. बंधनांची यादी वरून खाली पाळली जाते. वर ‘जमिनीखाली जाऊ नकोस’ अशी मर्यादा आणि खाली ‘हाताची जागा घे’ अशी नक्कल असेल, तर दुसरी आज्ञा पहिलीला पुसून टाकते. दोन्ही बंधनं सुटी सुटी निर्दोष असतात, म्हणून मूल बुचकळ्यात पडतं. कर्मांच्या क्रमाचा इतका खल मीमांसकांनी का केला, हे आम्हाला वर्गात समजावताना जड जायचं. हे उदाहरण तेव्हा हाताशी असतं तर बरं झालं असतं.

पण खरी मौज तिसऱ्या दोषात आहे. हात पेल्याच्या मागे लावला आणि पेला हाताच्या मागे. कोणी आधी हलायचं? नैयायिकांनी याला नाव दिलंय: अन्योन्याश्रय. स्वतःच स्वतःवर टेकलं तर आत्माश्रय, तिघं फेर धरून एकमेकांवर टेकले तर चक्रक, टेकू कधी संपलाच नाही तर अनवस्था. भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’ची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती १९२८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढली, असल्या संज्ञांसाठी तो ग्रंथ हाताशी असावा. ब्लेंडर अशा वेळी ‘डिपेंडन्सी सायकल’ची सूचना देतं. ती बहुतेकांना दिसत नाही, कारण ती वेगळ्या खिडकीत येते. मुलाला दिसतो तो थरथरणारा किंवा एक पाऊल मागे राहणारा पेला.

इथे सदरलंड जास्त उदार होते, असं म्हणावंसं वाटतं. स्केचपॅड आधी अटी एका फेरीत सुटतात का ते बघे. नाही सुटल्या, तर थोडं थोडं सरकवत सगळ्यांची चूक कमी करत जाई. परस्परावलंबन त्याने खपवून घेतलं. आजची सॉफ्टवेअर वेगासाठी आधी कोण, मग कोण, हे ठरवून घेतात. फेरा त्यांना चालत नाही.

उपाय सोपा आहे. दोघांपैकी कोणावरच न टेकलेला तिसरा आणायचा. ब्लेंडरमध्ये ‘एम्प्टी’ नावाची वस्तू असते. तिला आकार नसतो, फक्त जागा असते. हात तिच्या मागे, पेलाही तिच्याच मागे, आणि हलवायचं तिला.

कंटाळलेली मुलं एक आडवाट घेतात. ‘बेक’ करून प्रत्येक चौकटीची जागा कायमची नोंदवतात आणि बंधन काढून टाकतात. पेला जागेवर राहतो खरा, पण आता हात बोटभर सरकवायचा झाला तर शेकडो नोंदी बदलाव्या लागतात. आपण पुन्हा फाळक्यांच्या आगकाड्यांपाशी येतो. काम पुढे पाठवताना बेक करावंच लागतं, त्याला इलाज नाही. तेव्हा बंधनं असलेली मूळ फाइल वेगळ्या नावाने आधी जपून ठेवा, आणि मग बेक करा.