मुंबई कायदेमंडळातील बाबासाहेब : मंजूर न झालेल्या विधेयकांविषयी

मलकापूरला वर्गात ‘खोत’ हा शब्द आला की विद्यार्थी थबकतात. आमच्या वऱ्हाडात मुख्यतः रयतवारी होती. पाटील त्यांना ठाऊक, सावकार तर घराघरात ठाऊक, खोत मात्र नाही. मग कोकणातला खोत समजावून सांगावा लागतो : सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला, साऱ्याच्या नावाखाली कुळाकडून हवे ते उकळणारा. आणि तेथूनच बाबासाहेबांच्या आयुष्यातील एका दुर्लक्षित कालखंडाकडे वळावे लागते. जयंतीच्या भाषणांतून आपण महाडहून एकदम घटना समितीत पोहोचतो. मधले मुंबई कायदेमंडळ राहूनच जाते.

1923 साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली आणि 1927 मध्ये ते कौन्सिलात आले. निवडून नव्हे, सरकारनियुक्त म्हणून. नियुक्त सभासदाने सरकारला सांभाळून घ्यावे अशी अपेक्षा असते. पण पहिल्याच अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारच्या कररचनेतील अन्याय दाखवला : अल्प उत्पन्नाच्या माणसाला प्राप्तिकर माफ, परंतु कितीही लहान शेतकरी असला तरी त्याला शेतसारा चुकत नाही. पुढे सायमन कमिशनसाठी नेमलेल्या मुंबई प्रांतिक समितीतही त्यांनी बहुमताच्या अहवालावर सही केली नाही. 1929 मध्ये स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यात प्रौढ मताधिकार मागितला.

या काळातील त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे महार वतनासंबंधीचे 1928 चे विधेयक. 1874 च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने महाराला सरकारी कामाला रात्री-बेरात्री जुंपले होते. तो नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदला म्हणजे तुकडाभर इनाम जमीन आणि बलुते. राबायचे सरकारसाठी आणि पोटासाठी हात पसरायचा गावापुढे, असा हा प्रकार. महाराने मान वर केली की गाव बलुते बंद करी. बाबासाहेबांच्या विधेयकाचा रोख या गाठीवरच होता. ज्याला वतन सोडायचे असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन आपल्याकडे ठेवता यावी, आणि बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत होऊन ती सरकारने वसूल करावी. सरकारने विरोध केला. अखेर 1929 मध्ये त्यांना विधेयक मागे घ्यावे लागले. ‘वतनाचा अभिमान’ बाळगणारी माणसे आपल्यातही होती, हेही येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. 1937 च्या निवडणुकीत त्याच्या तिकिटावर चित्रे, टिपणीस, परुळेकर हे सवर्ण सहकारीही निवडून आले. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर आला. खोताचे कूळ कुणबीही होते आणि महारही, म्हणून ही मागणी एका जातीची नव्हती. खेर मंत्रिमंडळाच्या काळात विधेयक मंजूर झाले नाही.

‘मग सर, यातून मिळाले काय?’ असे एका विद्यार्थ्याने विचारले. मी त्याला 1938 च्या औद्योगिक कलह विधेयकावरचे भाषण वाचायला दिले. त्या विधेयकाने काही संप बेकायदा ठरून कामगाराला तुरुंगाची वाट दाखवली जाणार होती. बाबासाहेबांचा मुद्दा अस्सल वकिली होता. संप म्हणजे नोकरीचा करार मोडणे. करार मोडला तर दिवाणी नुकसानभरपाई मागता येते, फौजदारी शिक्षा नव्हे. शिक्षेच्या धाकाने माणसाला कामावर ठेवणे ही गुलामगिरीच होय. कामगारांविषयी कळवळ्याने बोलणारे त्या सभागृहात इतरही होते, पण त्यांच्या भाषणांना एवढी धार नाही. तरीही बहुमत पलीकडे होते. 7 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप घडवला. कायदा व्हायचा तो झालाच.

वर्षभरात काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. खोती नष्ट करणारा कायदा 1949 साली झाला. महार वतन गेले ते 1958 च्या कायद्याने, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.