मांडवातल्या १.८ ची कुळकथा

बंगळुरूच्या कल्याणमंडपात लग्न टिपणाऱ्या फोटोग्राफरच्या बॅगेत एक छोटी, स्वस्त लेन्स बहुधा असतेच. कॅननची ५० मिलिमीटरची ही लेन्स १९९० साली आली. अंग प्लास्टिकचं, वजन १३० ग्रॅम, आणि तोंडाशी छापलेला आकडा १.८. नेमका हाच आकडा जर्मनीतल्या ड्रेस्डेनला १९२०च्या दशकात बनलेल्या ‘एर्मानॉक्स’ नावाच्या कॅमेऱ्यावर आहे, हे कळलं तेव्हापासून मी या कुळाच्या मागे लागलो. एर्मानॉक्स गाजवला तो बर्लिनच्या एका कायदेपंडितानं, आणि तोही न्यायालयात चोरून फोटो काढून. आपल्या लग्नातल्या कॅन्डिड फोटोचा मूळपुरुष हाच, असं माझं ठाम मत आहे.

आधी त्या आकड्याबद्दल. लेन्सच्या केंद्रांतराला तिच्या उघड्या तोंडाच्या व्यासानं भागलं की तो मिळतो. आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. त्या काळच्या हातात धरायच्या कॅमेऱ्यांवर ४.५ हा आकडा नेहमीचा होता. १.८ म्हणजे त्याच्या सव्वासहा पट उजेड. एर्मानॉक्स बनवणाऱ्या एर्नेमान कंपनीत लुडविग बेर्टेले या विशीतल्या तरुणानं ‘एर्नोस्टार’ ही लेन्स रचली. १९२४ साली ती एर्मानॉक्सवर बसली तेव्हा आकडा २ होता, थोड्याच काळात तो १.८ वर आला. ८५ मिलिमीटरच्या त्या लेन्सचं तोंड सुमारे ४७ मिलिमीटर रुंद होतं. डोळ्यांना जे दिसतं त्याचा फोटो निघतो, अशीच तिची जाहिरात होती.

तोवर घरातल्या उजेडाचा प्रश्न मॅग्नेशियमच्या पुडीनं सोडवला जाई. १८८७ साली जर्मनीतच निघालेली ही भुकटी भडकली की डोळे दिपत, खोली धुरानं भरे, आणि सगळ्यांना कळे की फोटो निघाला.

एरिश सालोमन यांना हेच टाळायचं होतं. जन्म १८८६चा, कायद्यातली डॉक्टरेट, नोकरी उल्श्टाइन प्रकाशनगृहाच्या जाहिरात विभागात. कॅमेरा हाती घेतला तेव्हा चाळिशी उलटली होती. १९२८ साली फोटोबंदी असलेल्या न्यायालयात त्यांनी टोपीत कॅमेरा लपवून फोटो काढले. त्याच वर्षी २७ ऑगस्टला पॅरिसमध्ये युद्धत्यागाच्या करारावर सह्या होत असताना ते पोलंडच्या प्रतिनिधीच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. अंगावर मेजवानीचा पोशाख, वागणं निमंत्रिताचं. लंडनच्या ‘ग्राफिक’ साप्ताहिकानं त्यांच्या फोटोंना ‘कॅन्डिड कॅमेरा’ हे नाव दिलं. नामवंतांचे बेसावध क्षण टिपणारं त्यांचं पुस्तक १९३१ साली निघालं. ते ज्यू होते. १९४४ साली आउश्वित्झमध्ये त्यांचा बळी गेला.

त्यांच्या कामाची रीत बारकाईनं पाहायला हवी, कारण माझा सगळा दावा तिच्यावर उभा आहे. एर्मानॉक्समध्ये साडेचार बाय सहा सेंटिमीटरची काचेची प्लेट एकेक करून घालावी लागे. उजेड इतका अपुरा की शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागे आणि पुष्कळदा कॅमेऱ्याला तिपाईचा आधार द्यावा लागे. म्हणून सालोमन वाट पाहत. बोलणारा श्वास घ्यायला थांबला, ऐकणाऱ्यानं मान तिरकी करून ती तशीच ठेवली, की तेवढ्यात शटर उघडायचं. यातून तीन नियम तयार झाले: पाहुण्यासारखं वावरायचं, स्वतःचा दिवा लावायचा नाही, आणि माणूस आपणहून थबकेल त्या क्षणाची वाट पाहायची. आजचा कॅन्डिडवाला मांडवात याहून वेगळं काय करतो?

लेन्सचे जाणकार इथे मला अडवतील, आणि त्यांचा मुद्दा वजनदार आहे. कॅननची ती लेन्स बेर्टेलेच्या घराण्यातली नाहीच. एर्नोस्टारपासून पुढे ‘सोनार’ निघाली. १.८ च्या आजच्या बहुतेक साध्या लेन्सांचं मूळ मात्र पाउल रुडोल्फ यांनी १८९६ साली त्साइस कंपनीसाठी रचलेल्या ‘प्लॅनार’मध्ये आहे. मग प्लॅनारला एवढी वर्षं मागे का राहावं लागलं? काचेचा हवेला लागलेला प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के उजेड परतवतो. प्लॅनारमध्ये असे आठ पृष्ठभाग होते, सोनारमध्ये सहा. परतलेला उजेड आतल्या आत फिरून चित्र धुरकट करी. १९३५ साली त्साइसमध्येच स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप देण्याची युक्ती काढली आणि प्लॅनारच्या वंशाचे दिवस पालटले. काचेचं कुळ तिकडचं, हे मला मान्य आहे. पण लेन्सचं कुळ वेगळं आणि ती वापरण्याच्या रीतीचं कुळ वेगळं. माझा शोध या दुसऱ्या कुळाचा आहे.

दुसरा पक्ष अमेरिकेचा. डेनिस रेगी यांनी वृत्तछायाचित्रणाची पद्धत लग्नात आणली. १९९६ साली कंबरलँड बेटावर, वीज नसलेल्या चिमुकल्या चर्चमध्ये झालेलं धाकट्या केनेडींचं लग्न त्यांनीच टिपलं. त्यांचा मान मोठा. पण ती वृत्तछायाचित्रणाची पद्धत आली कुठून? शोध पुन्हा सालोमन यांच्यापाशीच पोचतो. तिसरा पक्ष म्हणतो की हे सगळं डिजिटलमुळे झालं. १९५४ साली ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांसाठी आलेली ट्राय-एक्स फिल्म पुढे ४०० संवेदनशीलतेची म्हणून ओळखली गेली. २००७ सालच्या निकॉन डी-३ नं ६४०० गाठलं, म्हणजे सोळा पट. यामुळे हात सुटला हे खरं, पण नजर त्याआधीच घडलेली होती.

ती नजर बंगळुरूत कशी आली? इथलं स्टुडिओचं युग ओळखीचं आहे: ५ ऑगस्ट १९०५ला शिवनसमुद्रच्या विजेवर शहरात दिवे लागले, १९१० पासून जी. के. वेलसारखे स्टुडिओ चालले, आणि पुढे व्हिडिओवाल्यांचे हॅलोजन मंडपात शिरले. माझ्या मते खरा दुवा म्हैसूरचे टी. एस. सत्यन (१९२३–२००९). १९४८ साली सुरू झालेल्या ‘डेक्कन हेराल्ड’मध्ये त्यांनी काम केलं, पुढे देशभर फिरले, आणि साध्या माणसांचं रोजचं जगणं आहे त्या उजेडात, कृष्णधवलमध्ये टिपत राहिले. कर्नाटकातल्या हौशी फोटोग्राफरांच्या पिढ्यांनी हे फोटो वर्तमानपत्रांत पाहिले. १९७१ साली स्थापन झालेल्या यूथ फोटोग्राफिक सोसायटीसारख्या मंडळांत ही हौस मुरली. मग २००७ नंतर संगणक कंपन्यांतले अनेक तरुण कॅमेरा घेऊन लग्नांकडे वळले. त्याच वर्षी शहरात सुरू झालेल्या ‘कॅनव्हेरा’नं छापील फोटोबुकांचा व्यवसाय उभारला, आणि रांगेत उभ्या नातेवाइकांपलीकडच्या फोटोंनाही अल्बममध्ये पान मिळालं.

सालोमन कायद्यातून आले, हे तरुण संगणकातून. मला यात योगायोग दिसत नाही. ज्याच्याकडे दिवे होते त्यानं दिवे वापरले. दिव्यांवाचून चित्र काढायची गरज बाहेरून आलेल्यालाच पडली.

आणि मांडवानं त्यांना एक आयता क्षण दिला. शहाजीराजांना १६३८ साली बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून इथे मराठी घरं आहेत, आणि आंतरपाट मराठी लग्नातही आहे, कन्नड लग्नातही. आपल्याकडे मंगलाष्टकं संपतात, ‘सावधान’चा शेवटचा गजर होतो, पाट दूर होतो, अक्षता पडतात. कन्नड लग्नात पाट सरला की वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात. दोघं समोरासमोर येतात ती नजर कुणी सांगून आणू शकत नाही. पहाटेचा मुहूर्त आणि खिडकीचा तिरका उजेड असेल तर १.८, संवेदनशीलता १६०० आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग एवढ्यावर भागतं. शंभरावाच, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि त्याहून वेगवान शटरमध्ये रंग बिघडू शकतात.

एवढ्यासाठी लग्नघरानं तीन गोष्टी कराव्यात. मांडव खिडकीला पाठ करून उभारू नये, उजेड वधूवरांच्या बाजूनं येऊ द्यावा. आंतरपाट धरल्यापासून अक्षता पडेपर्यंत व्हिडिओचा दिवा बंद ठेवावा. आणि फोटोग्राफरला भटजींच्या मागे बसायला पाट द्यावा. सालोमन यांना जी खुर्ची गुपचूप पटकवावी लागली, ती आपण अक्षता देऊन, निमंत्रण करून देऊ शकतो.