वसई मोहिमेची साधने आणि संदर्भांची देवाणघेवाण : एक चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना

फुलपाडा हा विरार पूर्वेकडील परिसर. येथे राहून वसई प्रांताचा इतिहास अभ्यासणाऱ्या प्राध्यापकास किल्ला जवळ आहे, साधने मात्र दूर आहेत. पेशवे दप्तर पुण्यात, मुंबईकर इंग्रजांचे कागद मुंबईच्या अभिलेखागारात, पोर्तुगीज कागद पणजी आणि लिस्बन येथे. त्यांत मोडी, इंग्रजी व पोर्तुगीज या तिन्ही वाचनांवर प्रभुत्व असणारे अभ्यासक थोडेच. त्यामुळे या विषयात साधनांची देवाणघेवाण ही संशोधनाची पूर्वअटच ठरते. हे काम आज संदर्भ-व्यवस्थापनाच्या संगणकीय प्रणालींमुळे सुकर झाले आहे. या प्रणाली वापरताना इतिहासाभ्यासकाने कोणते पथ्य पाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

देवाणघेवाणीची पूर्वपरंपरा

महाराष्ट्रात ही परंपरा नवी नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला आणि घराघरांतील दप्तरे सर्व अभ्यासकांस खुली करण्याचा पायंडा पाडला. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने त्या कार्यास संस्थेचे रूप दिले. गो. स. सरदेसाई व जदुनाथ सरकार यांनी अनेक दशके पत्रव्यवहारातून मराठी व फारसी साधनांची माहिती एकमेकांस पुरविली. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. वसई मोहिमेचे कागदही त्यांत आहेत. गोव्याच्या अभिलेखागाराचे प्रमुख पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज बाजू मराठी वाचकांसमोर आणली.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे उदाहरण तर अधिक बोधप्रद आहे. १९१९ साली आरंभलेले हे काम १९६६ साली पूर्ण झाले. पुण्याबरोबरच शांतिनिकेतन व तंजावर येथेही हस्तलिखितांची पाठतुलना झाली. श्लोकागणिक पाठभेद ठरावीक नमुन्याच्या तक्त्यांवर उतरवून घेतले जात. संपादकाने एक पाठ स्वीकारला तरी उरलेले पाठ तळटीपांत हस्तलिखिताच्या संकेतासह जपले गेले. त्यामुळे संपादकाचा निर्णय पुढील अभ्यासकाला पडताळून पाहता येतो.

संगणकीय प्रणालीचे स्वरूप

झोटेरो ही विनामूल्य प्रणाली २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्रात, म्हणजे इतिहासकारांच्याच पुढाकाराने, निर्माण झाली. ग्रंथ, लेख किंवा दप्तरातील कागद यांची नोंद तीत करता येते व नोंदीस छायाचित्र अथवा टिपण जोडता येते. समक्रमणाच्या, म्हणजे रूढ भाषेत ‘सिंक’च्या, सोयीमुळे एका संगणकावरील बदल दुसऱ्या संगणकावर आपोआप पोहोचतो. गटग्रंथालयाच्या सोयीमुळे फुलपाड्यातील व पणजीतील अभ्यासक एकाच संग्रहात भर घालू शकतात. मेंडेली ही याच प्रकारची दुसरी प्रणाली होय. ती २०१३ साली एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने विकत घेतली. आपली टिपणे ज्या प्रणालीत साठवावयाची तिची मालकी बदलू शकते, हे लक्षात घेऊन संग्रहाची स्वतंत्र प्रत ठेवणे इष्ट होय. झोटेरोची विनामूल्य साठवण ३०० एमबी इतकीच आहे. मोडी कागदांच्या मोठ्या छायाचित्रांस ती लवकरच अपुरी पडते.

एका तारखेचा प्रश्न

समक्रमणातील खरी अडचण जागेची नाही, मतभेदाची आहे. एकाच नोंदीत दोन ठिकाणी परस्परविरोधी बदल झाले, तर प्रणाली दोन्ही रूपे समोर ठेवते व एक निवडावयास सांगते. वसईच्या शरणागतीचा तह १७३९ च्या मे महिन्यात झाला. पोर्तुगीज साधनांनुसार त्याची तारीख १६ मे येते, तर जुन्या पद्धतीने ती ५ मे होते. पोर्तुगालने सुधारित दिनदर्शिका १५८२ सालीच स्वीकारली होती. ब्रिटनने ती १७५२ साली स्वीकारली. तोवर मुंबईकर इंग्रजांच्या पत्रांवर ११ दिवस मागील तारीख पडे. मराठी कागदांत तिथी व सुहूर सन असत. अनेक संपादकांनी त्यांचे रूपांतर १७५२ पर्यंत जुन्या पद्धतीनेच केले आहे. किल्ला रिकामा झाल्याची तारीख कोठे १२ मे, कोठे २३ मे आढळते, तिचे कारणही हेच.

आता गटातील एका सदस्याने १६ मे लिहिले, दुसऱ्याने ती चूक समजून ५ मे केले, आणि तिसऱ्याने समक्रमणाच्या वेळी त्यांतील एक पुसून टाकले, तर नोंद नीटनेटकी दिसेल, पण पुरावा हरवेल. मुंबईहून गेलेले पत्र व वसईतील घटना यांचा क्रम अशा नोंदींवरून लावल्यास कारण व परिणाम यांची अदलाबदल होण्याचा धोका आहे. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. कोणती तारीख कोणत्या गणनेची, एवढेच लिहावयाचे राहिले.

निष्कर्ष

यावरून काही नियम सुचविता येतात. प्रत्येक मूळ कागदाची नोंद स्वतंत्र असावी. तारखेच्या रकान्यात कागदावरील मूळ मिती तशीच नोंदवावी, तर रूपांतरित तारीख व तिची पद्धत टिपणात द्यावी. कागद कोठे पाहिला, रुमाल वा खंड कोणता, वाचन कोणाचे, हे वगळू नये. दुसऱ्याचे वाचन मान्य नसल्यास ते न पुसता शेजारी आपले वाचन नावानिशी लिहावे. अभिलेखागाराची अनुमती नसलेली छायाचित्रे गटात ठेवू नयेत.

ही शिस्त प्रणाली शिकवीत नाही. राजवाड्यांपासून चिकित्सक आवृत्तीपर्यंतच्या कार्यपद्धतीत ती आहे. समक्रमणाने सर्वांच्या प्रती एकसारख्या होतात. त्या विश्वसनीय व्हावयाच्या असतील, तर मतभेद जपण्याचे काम अभ्यासकांनाच करावे लागेल.