चार कसोट्यांचा हिशेब : माधव मंत्री

मंडळी, माणसाची खेळातली सारी हयात एका आकड्यात मावते का? आज एका यष्टिरक्षकाचा हिशेब मांडून ते पाहू या. त्यांचे नाव माधव मंत्री. जन्म नाशिकचा, 1 सप्टेंबर 1921 चा. पण खेळाडू म्हणून ते नावारूपाला आले मुंबईत, दादर युनियन या संघातून. या संघाची शिस्त मुंबईच्या मैदानांवर प्रसिद्ध होती, आणि मंत्री हे त्या शिस्तीचे चालतेबोलते रूपच होते.

यष्टिरक्षक म्हणजे तीन यष्टींच्या मागे हातमोजे घालून उभा राहणारा गडी. निसटलेला चेंडू अडवायचा, फलंदाजाच्या बॅटीची कड लागली तर झेल टिपायचा, फलंदाज रेषा सोडून पुढे गेला की यष्टी उडवायची, ही त्याची कामे. एवढे करून वर धावाही काढायच्या!

मंत्री भारतातर्फे चारच कसोटी सामने खेळले. पहिला डिसेंबर 1951 मध्ये, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर, इंग्लंडविरुद्ध. मग 1952 च्या इंग्लंड दौऱ्यात दोन आणि 1954-55 च्या पाकिस्तान दौऱ्यात एक. शिक्षकबंधूंनो, आता फळ्यावर गणित मांडा. डाव आठ, त्यांतल्या एकात नाबाद. धावा एकूण 67. नाबाद डाव वजा केला की भागायचे सातने. सरासरी आली 9.57. एका डावातल्या सर्वांत जास्त धावा 39. यष्टीमागे आठ झेल आणि एक यष्टिचीत. संपला हिशेब!

नऊ-साडेनऊची सरासरी ऐकून कुणी म्हणेल, हा कसला फलंदाज? आपल्याकडे म्हणतातच ना, शितावरून भाताची परीक्षा. पण चार-दोन शिते उचलून निकाल द्यायचा, तर ती कोणत्या भांड्यातली आणि किती आचेवरची, हेही पाहायला नको का?

त्यासाठी 7 जून 1952 या दिवशी लीड्सच्या मैदानावर चला. भारताचा दुसरा डाव सुरू झाला, आणि फलकावर एकही धाव लागण्यापूर्वी चार गडी बाद झाले. चौदा चेंडूंत शून्यावर चार! फ्रेड ट्रूमन या तरुण द्रुतगती गोलंदाजाची ती पहिलीच कसोटी. त्याने लागोपाठच्या दोन चेंडूंवर मंत्री आणि विजय मांजरेकर यांचे त्रिफळे उडवले. दोघांच्या नावापुढे शून्य. गंमत अशी, की याच सामन्याच्या पहिल्या डावात मांजरेकरांनी 133 धावा काढल्या होत्या. पुढे ते 55 कसोट्या खेळले. त्या शून्याला कुणी विचारत नाही. मंत्र्यांच्या वाट्याला डावच आठ आले, म्हणून प्रत्येक डावाचे ओझे मोठे झाले. शून्य तेच, पण वजन निराळे.

संधी थोडी का मिळाली? एक कारण उघड आहे. 1951-52 च्या त्या एका मालिकेत भारताने नाना जोशी, मंत्री आणि प्रबीर सेन असे तीन यष्टिरक्षक खेळवले. जागा एक, दावेदार अनेक. पाय रोवायला उसंत कुठली?

आता दुसरे पान उघडा. प्रथम श्रेणीच्या 95 सामन्यांत मंत्र्यांनी 4,403 धावा काढल्या, सरासरी 33.86, शतके सात. यष्टीमागे 136 झेल आणि 56 यष्टिचीत. मार्च 1949 मध्ये पुण्याला मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना झाला. दोन्ही संघांच्या मिळून त्यात 2,376 धावा झाल्या, नऊ शतके झाली. मुंबई 354 धावांनी जिंकली. त्या नऊ शतकांत एक द्विशतक मंत्र्यांचे, बरोबर 200 धावांचे! पुढे मुंबईचे कर्णधार म्हणूनही त्यांनी रणजी करंडक जिंकला.

मंत्री हे सुनील गावसकरांचे मामा. लहानग्या सुनीलला मामांच्या कपाटातली, भारताचे मानचिन्ह असलेली एखादी वस्तू हवी होती. मामांनी ती दिली नाही. हा मान घाम गाळून मिळवायचा असतो, असे समजावले. पुढे 1971 मध्ये भाच्याने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत 774 धावा काढल्या, त्याही चार कसोट्यांत. मामांच्याही कसोट्या चारच, धावा 67. पण त्या चार सामन्यांच्या मानाची किंमत मामांना ठाऊक होती, म्हणून तर त्यांनी तो भाच्याला फुकट दिला नाही.

23 मे 2014 रोजी, वयाच्या 92 व्या वर्षी मंत्री मुंबईत निवर्तले. कसोटीत त्यांच्या धावा कमी झाल्या, हे खरेच. ते झाकायचे कारण नाही. पण गुरुजी, फळ्यावर 9.57 लिहाल, तेव्हा शेजारी 33.86 हाही आकडा लिहा, आणि दोन्हींखाली सामन्यांची संख्या मांडा. मग मुलांना विचारा, यातला खरा आकडा कोणता? मुले थोडा वेळ विचारात पडतील. पडू द्या. मुलाला एकाच परीक्षेच्या गुणांवरून जोखू नये, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.