पनवेलचा वाटसरू

पनवेल हें पूर्वापार वाटसरूंचें गांव. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हांपासून मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी खाडीनें पनवेल बंदरास उतरे व येथून घाटाची वाट धरी. त्या वाटसरूस जावयाचें घर असे. आज पुलाखालीं किंवा फलाटावर जो निजतो त्यास तें नसतें. कित्येकदां स्वतःचें नांवही आठवत नसतें. महोत्सवाच्या स्मरणिकेंत त्याचा विषय कोणास अप्रस्तुत वाटेल. मला वाटत नाहीं.

भुकेल्यास अन्न व परक्यास आसरा देणें हीं ख्रिस्तसभेच्या सात शारीरिक दयाकृत्यांपैकीं दोन होत. कोंकणांत त्यांस संस्थेचें रूप फार पूर्वीं आलें. पोर्तुगालची राणी लेओनोर हिच्या आश्रयानें १४९८ सालीं लिस्बन येथें 'मिझेरिकॉर्दिया' हा दयेचा बंधुसंघ स्थापन झाला. तो पुढें गोव्यास आला. वसईस व आपल्याच जिल्ह्यांतील चौल येथेंही होता. गरिबांस अन्नवस्त्र, कैद्यांची भेट, बेवारशास मूठमाती, हीं त्याचीं कामें. मात्र गोव्यांत त्याच्या साहाय्याचा ओघ बहुधा पोर्तुगीज कुळांकडेच वळे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. १७३९ सालीं वसई पडली, पुढल्या वर्षीं चौल मराठ्यांच्या हातीं गेलें, आणि उत्तर कोंकणांतील तें पर्व संपलें.

आमच्या काळीं हें व्रत पुन्हां जागविलें तें मदर तेरेसा यांनीं. १९५२ सालीं कलकत्त्यास कालीघाट येथें त्यांनीं मरणोन्मुखांसाठीं घर उघडलें. १९७६ सालीं मुंबईस भायखळ्यांत 'आशादान' सुरू झालें. तेथें कुळ विचारलें जात नाहीं.

आणि आमचें पनवेल? कुष्ठरोग्यांसाठीं उभें राहिलेलें शांतिवन नेऱ्याजवळ आहे. त्याच बाजूस वांगणी येथें 'सील' ही संस्था आहे. पास्टर के. एम. फिलिप यांनीं ती १९९९ सालीं स्थापन केली. मुंबईच्या रस्त्यांवर जखमी, वेडसर वा मरणोन्मुख पडलेल्यांस तेथें आणतात. पोलिसही अशांस तेथें पोंचवितात. फिलिप आमच्या संप्रदायाचे नव्हत, आणि ही गोष्ट आम्हांस किंचित् बोंचावी हें बरें. आम्ही सणावारीं अन्न वाटतों व घरीं परततों; घेणारा मात्र तेथेंच राहतो.

सरकारनेंही कांहीं केलें आहे. २०१३ सालच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानांत दर लाख वस्तीस निदान शंभर बेघरांची सोय व प्रत्येकास पन्नास चौरस फूट जागा असें प्रमाण ठरलें. २०२० सालीं महाराष्ट्रांत दहा रुपयांची शिवभोजन थाळी निघाली: दोन पोळ्या, भाजी, भात, वरण. टाळेबंदींत ती पांच रुपयांस मिळूं लागली.

थाळीनें पोट भरतें, हें थोडें नव्हे. परंतु वांगणीस त्याहून अवघड काम चालतें. अंगावरची घाण व जखमा धुवून, औषधपाणी करून, माणूस थोडा शुद्धीवर आला कीं त्याला विचारतात: बाबा, तुझें गांव कोणतें? एखादा अर्धवट शब्द हातीं लागतो, त्यावरून दूरच्या प्रांतांत चौकशी होते, आणि कोणी कोणी खरोखर आपल्या माणसांत परत जातात. ज्यांचें घर सांपडत नाहीं, ते तेथेंच राहतात.